तालुक्याच्या विरंगुळा केंद्रात समलिंगी-पारलिंगी तरुण आणि वयस्कांसाठी काय, कसं सुरू करावं?

कार्यवाह_वाचनालय

आमच्या संस्थेची दोन मजली इमारत तालुक्याच्या गावात आहे, बसस्थानकाजवळ. खाली वाचनालय आणि ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र, वर स्पर्धा परीक्षावाल्यांची अभ्यासिका. समलिंगी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) तरुणांना आणि याच वर्गातल्या वयस्क लोकांना आधार मिळेल असं काहीतरी इथंच सुरू करावं, असा विचार कार्यकारिणीत पुढे आला आहे. पुण्या-मुंबईच्या संस्था काय करतात ते वाचलं, पण शनिवारी संध्याकाळी मोकळी बैठक, रंगीत झेंडा, सोशल मीडियावर फोटो हे मराठवाड्यातल्या तालुक्याला लागू पडेल असं वाटत नाही. हाताशी मागची एक रिकामी खोली, एक अर्धवेळ कर्मचारी आणि चार स्वयंसेवक आहेत. वेळ कोणती ठेवावी, नोंदवहीत काय लिहावं, अठराच्या आतली मुलं आली तर काय करावं, आणि वयस्कांसाठी गप्पांपलीकडं नेमकं काय करता येतं? ज्यांनी हे काम जवळून हाताळलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

दुपारची_पाळी

वेगळा फलक लावू नका, वेगळं दारही काढू नका. खाली वाचनालय आहे हीच तुमची मोठी मिळकत. "पेपर वाचायला चाललोय" हे कारण पंचविशीतल्या पोराला चालतं आणि सत्तरीच्या आप्पांनाही चालतं. एखाद्या खोलीत ठरावीकच लोक जातात असं गावाला एकदा कळलं की तिथं कुणीच फिरकत नाही. फलकावर "समुपदेशन व कागदपत्र मदत, सर्वांसाठी" एवढं पुरे. ते खरोखर सर्वांसाठी ठेवा. कर्जानं बेजार झालेला शेतकरी आणि पोरांनी घराबाहेर काढलेली आजी त्याच बाकावर बसलेली असली, तर बाकीच्यांनाही आडोसा मिळतो.

वेळ आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा ते तीन. त्या दिवशी खेड्यातला माणूस तालुक्याला कशाला आला हे कुणी विचारत नाही, आणि परतीच्या एसट्या दिवसाउजेडी मिळतात. संध्याकाळच्या बैठकीला आलेला माणूस साडेसहापासून घड्याळ बघायला लागतो, त्याचं बोलण्यात मन लागत नाही. क्लासच्या पोरांसाठी रविवारी दुपारचा एक तास वेगळा ठेवा. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मे महिन्यात असते. आधीचे दोन महिने गट भरणार नाही, पण ताण तेव्हाच चढलेला असतो, म्हणून त्या दिवसांत एकेकट्याच्या भेटी वाढवा. केज, धारूर, पाटोदा, वडवणी भागात असाल तर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं जायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तरुण मंडळी दिसत नाहीत. ते महिने मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या कागदपत्रांसाठी धरा.

आता नोंदवही. बातमी बाहेर फुटते ती बहुतेक वेळा इथूनच. आपल्याकडं आडनाव आणि गाव एकत्र लिहिलं की माणसाची जात, भावकी आणि मामाचं घर सगळं उघडं पडतं. हजेरीत फक्त अनुक्रमांक, वयोगट आणि "पहिल्यांदा की पुन्हा" एवढंच लिहा. ज्यांचं कागदपत्रांचं काम चालू आहे त्यांची नावं वेगळ्या वहीत, ती वही कुलपात आणि किल्ली एकाच माणसाकडं. आधार कार्डाच्या झेरॉक्स संस्थेत ठेवूच नका, काम झालं की त्याच दिवशी परत द्या. शिपायानं "नाव सांगा" म्हणून दारातच अडवलं की माणूस मागं फिरतो, तेव्हा शिपायाला आधी समजावून सांगा.

खोलीला जाडसर पडदा, आतून कडी आणि बाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा. पत्र्याच्या नाहीतर प्लायच्या भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येतो, तो आवाजानं झाकला जातो. संडास दोन असतील तर एकावरची "पुरुष" पाटी काढून "सर्वांसाठी" लावा. कडी, दिवा आणि पाणी नीट पाहिजे. हा खर्च कुणाला दिसत नाही, पण पारलिंगी माणूस तीन तास केंद्रात बसू शकतो की नाही हे त्यावरच ठरतं.

राहिल्या बायका. पुरुषांनी चालवलेल्या केंद्रात समलिंगी मुली येतच नाहीत, आणि मग "आमच्याकडं तशा नाहीत" असा अहवाल जातो. मुलीला घरातून बाहेर पडायला कारण लागतं, म्हणून शिवणवर्ग, एमएस-सीआयटी किंवा महिलांसाठी राखीव वाचन तास असं काहीतरी आधी उभं करा, आणि ते बाईनंच चालवलेलं असू द्या. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचाही उपयोग होतो.

समुपदेशन_नांदेड

वरचं सगळं पटलं. मी खोलीच्या आतलं सांगतो.

बोलणं सुरू होण्याआधी गोपनीयतेची मर्यादा सांगायची. "तुझं बोलणं इथंच राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा अठराच्या आतल्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला पुढं सांगावं लागेल." मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा कळलेल्या कुणालाही पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा ठरतो. या कायद्यात अठराखालच्या मुलाची संमती धरत नाहीत. हे आधी न सांगता पोराला बोलतं केलं आणि मग ठाण्यात जावं लागलं, तर त्या पोराचा विश्वास गेला आणि केंद्राचंही नाव गेलं. अठराच्या आतल्यांना बंद गटात घेऊ नका. त्यांच्यासाठी सगळ्याच किशोरवयीन मुलांचं खुलं सत्र ठेवा: वयात येणं, चिडवणं, मोबाइलवरचे धोके. एखाद्याला जास्त बोलायचं असेल तर दोन प्रौढांपैकी एक नजरेच्या टप्प्यात राहील अशा ठिकाणी बोला. शासकीय रुग्णालयांत किशोरांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं पाठवता येतं. घरात मारहाण होत असेल तर मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर.

आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ विचारा. विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही. "हो" म्हटलं तर पुढचा प्रश्न: कसं, केव्हा, घरात काय आहे? आपल्याकडं बहुतेक घरांत फवारणीचं औषध पडलेलं असतं, म्हणून ते नावानिशी विचारा. ते कुलपात जावं किंवा शेजारच्या शेतातल्या खोलीत ठेवलं जावं यासाठी घरातल्या एका माणसाला सांगावं लागतं. तो माणूस कोण हे त्या पोरानं किंवा पोरीनं निवडायचं. "फार ताणात आहे, आठ दिवस एकटं सोडू नका, औषध उचलून ठेवा" एवढं बोलणं पुरतं. समलिंगी असल्याचं सांगायची गरज नसते आणि आपल्याला तो अधिकारही नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर रात्रंदिवस मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. छत्रपती संभाजीनगरला घाटी, तशीच नांदेड, लातूर, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.

पाठवण्याआधी त्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घ्या. "लग्न करून टाका, सुधारेल" म्हणणारे अजून आहेत. समलिंगी असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलं. कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरासाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये जाहीर केलं, ते पत्र छापून फाइलला ठेवा. घरच्यांनी मांत्रिकाकडं नेऊन मारझोड, चटके असला प्रकार केला असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो.

ॲपवरून फसवणूक हा सध्या तरुणांचा मोठा प्रश्न आहे. बायपासला नाहीतर शेतात बोलावतात, चार जण मिळून व्हिडिओ काढतात, जागेवर यूपीआयनं पैसे घेतात आणि "३७७ लावतो" अशी जुन्या दंडविधानातल्या कलमाची धमकी देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. त्या पोरानं घाबरून चॅट पुसून टाकलेलं असतं, पुरावा तिथंच जातो. आधी स्क्रीनशॉट, नंबर आणि व्यवहार क्रमांक लिहून घ्या, मग सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात. खंडणीला संहितेचं कलम ३०८ आहे.

कार्यवाह_वाचनालय

आभार. दोन अडचणी लगेच आल्यात. देणगीदार कंपनी दर कार्यक्रमाचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो मागते. आणि निरोप द्यायला व्हॉट्सॲप ग्रुप काढावा असं स्वयंसेवकांचं म्हणणं आहे.

हिशेबनीस

ग्रुप अजिबात नको. एकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि तालुक्यात नंबरावरून माणूस ओळखायला दोन मिनिटं लागतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. ती फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचते, तेव्हा पहिल्याच भेटीत "वाचनालय" नावानं सेव्ह करून घ्या. निरोप असा की घरातल्या कुणी वाचला तरी चालेल: "बुधवारी दुपारी वाचनालय उघडं आहे." आपल्याकडून पहिला फोन करायचा नाही, कारण घरात फोन एक आणि उचलणारे पाच असतात.

फोटोचं करारपत्रातच मिटवा. सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या की समुपदेशनाच्या कामाचे फोटो व नावं दिली जाणार नाहीत, त्याऐवजी वयोगटानुसार आकडे आणि खर्चाच्या पावत्या दिल्या जातील. नंतर सांगायला गेलं की पैसे अडकतात. अगदीच हट्ट धरला तर वाचनालयाचा दर्शनी फोटो द्या, नाहीतर तो खर्च दुसऱ्या शीर्षात टाका. एक काम मात्र लगेच करा: संस्थेच्या घटनेतले उद्देश काढून बघा. "आरोग्य, शिक्षण, समाजकल्याण" लिहिलेलं असेल तर पुरे, तसा ठराव इतिवृत्तात घ्या. नसेल तर दुरुस्ती करून धर्मादाय कार्यालयात कळवा. विरोध करणारा सभासद भावनेवर बोलत नाही, तो घटनेतलं कलम काढतो. इमारतीची जागा नगरपालिकेची असेल तर भाडेकरारातला वापराचा हेतूही बघा.

वकिली_बाजू

वयस्कांसाठी "गप्पांपलीकडं काय" असं विचारलंय. माझं स्पष्ट मत, वयस्कांचं निम्मं काम कागदाचं आहे. साठीच्या पुढचा समलिंगी पुरुष बहुतेक वेळा लग्न झालेला, नातवंडं असलेला असतो. त्याला कुठलं नाव लावून घ्यायचं नसतं, बोलायला कुणीतरी पाहिजे असतं, तेवढं विरंगुळा केंद्रात जमतं. एकटे राहिलेले, जोडीनं राहिलेले आणि डेऱ्यातून (तृतीयपंथीयांच्या गुरूच्या घरातून) बाहेर पडलेले, या तिघांचे हाल कागदाअभावी होतात.

जोडीनं राहणाऱ्यांचं आधी घेतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, म्हणून जोडीदार कायद्यानं वारस नाही. मृत्युपत्र नसेल तर घर आणि सातबारा भाऊ-पुतण्यांच्या नावे वारस फेरफारानं जातो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार पाहिजेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडं करून घ्या आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा "शुद्धीत आहे" असा दाखला जोडा, कारण पुतणे पहिला वार त्यावरच करतात. वडिलोपार्जित जमिनीत फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र होतं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्रानं देता येतं. आणि जोडीदार शेतकरी नसेल तर शेतजमीन त्याच्या नावे करताना कूळ कायदा आडवा येऊ शकतो. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, पुण्याच्या वकिलानं दिलेला मसुदा जसाच्या तसा वापरू नका.

बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही असं केंद्राच्या वित्तीय सेवा विभागानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. शाखेत अडवलं तर ते पत्र दाखवा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे त्याच्या हातात येतात आणि वारस दावा करू शकतात. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्हीत एकच नाव ठेवा.

दवाखान्यात शुद्धीत असलेला माणूस स्वतःच संमतीची सही करतो. नातेवाईक आणा म्हणून अडवलं तर हे सांगा. मानसिक आजारात मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १४ कामाला येतं. साध्या कागदावर सही किंवा अंगठा देऊन कुठल्याही प्रौढाला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतं, रक्ताचं नातं लागत नाही. शेवटच्या आजारात यंत्रावर ठेवायचं की नाही याचं इच्छापत्र जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीनंतर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं.

ज्यांना मूलबाळ नाही त्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला त्याची मालमत्ता ताब्यात असलेल्या किंवा पुढं वारसानं मिळणाऱ्या सज्ञान नातेवाइकाकडं निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं. "सांभाळतो" म्हणून पुतण्यानं घर बक्षीसपत्रानं लिहून घेतलं असेल तर कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं, पण सांभाळण्याची अट दस्तातच लिहिलेली पाहिजे. तोंडी शब्दावर घर देऊ नका हे विरंगुळा केंद्रातल्या प्रत्येकालाच सांगा, समलिंगी असो नाहीतर नसो. मोफत वकिलासाठी १५१००, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७.

फॉर्म_भरणारी

तृतीयपंथी वयस्कांचं मी सांगते, कारण सेतूत लोक इथंच अडकून बसायलेत.

क्रम चुकवू नका. आधी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, मग आधार, मग बँक, मग अनुदान. त्याला तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन. नियमांत दुरुस्त्या होत असतात, तेव्हा कागदांची यादी अर्जाच्या दिवशी पोर्टलवरच वाचायची, जुन्या झेरॉक्सवरून भरायची नाही. नावाचं स्पेलिंग तिथंच तीनदा तपासा. आधारवर नाव दोनदाच आणि लिंग एकदाच बदलता येतं. आधी आधार घाईनं बदललं आणि प्रमाणपत्रावर स्पेलिंग वेगळं आलं, की संधी वाया जाते आणि थेट खात्यात येणारा हप्ता अडकतो.

६५ च्या आत असतील तर संजय गांधी निराधार, ६५ नंतर श्रावणबाळ. दोन्हीत महिन्याला १,५०० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. निराधारच्या यादीत तृतीयपंथी असा स्पष्ट उल्लेख आहे, तरी खिडकीवर "अपंग की विधवा?" म्हणून विचारतात, म्हणून शासन निर्णयाची प्रत सोबत न्या. राज्यात १५ वर्षं वास्तव्याची अट असते. भाड्यानं राहिलेल्यांकडं पुरावा नसतो, तेव्हा मतदारयादीतले जुने उतारे शोधा. वयाचा दाखला नसेल तर शासकीय रुग्णालयातून घ्यावा लागतो. ७० पूर्ण झालेल्या कुणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. ते आधारवरच निघतं, म्हणून पुन्हा आधार आधी.

जोगते (देवीला वाहिलेले) किंवा डेऱ्यातल्या वयस्क मंडळींशी बोलताना गुरू-चेल्याच्या भांडणात पडू नका, ऑपरेशन झालंय का हे विचारू नका. "तुम्हाला काय म्हणू?" एवढं विचारा. कुणी अक्का म्हणवून घेतं, कुणी अण्णा. डेऱ्याकडं कागद अडकून पडले असतील तर मागायला जाऊ नका, दुय्यम प्रत काढा, स्वस्तात पडतं.

तरुण आणि वयस्क एकत्र आणायचे असतील तर गप्पांच्या गटानं सुरू करू नका, दोघांनाही अवघड जातं. वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, कामासाठी बसवा. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला मोबाइलवरून निघतो, यूपीआय शिकायचं असतं, पोरांना ते जमतं. जमीन महसूल, फेरफार, तहसीलची भाषा म्हाताऱ्यांना येते आणि अभ्यासिकेतल्या पोरांना तलाठी भरतीला तीच लागते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पारलिंगी मुलामुलींना सांगा, डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या भरतीच्या अर्जात तृतीयपंथी पर्याय आला. मात्र आधारवर आणि अर्जात लिंग एकच पाहिजे.

कार्यवाह_वाचनालय

वृद्धाश्रमाचं कुणी सांगेल का? एका तृतीयपंथी वयस्क व्यक्तीला पाठवायचं म्हटलं तर पुरुष कक्ष की स्त्री कक्ष, तिथंच गाडी अडते.

फॉर्म_भरणारी

पाठवण्याआधी व्यवस्थापकाला चार गोष्टी विचारा: झोपायला वेगळी खोली किंवा आडोसा आहे का, आंघोळीला आतून कडी आहे का, नाव हजेरीत कोणतं लिहिणार, आणि भेटायला येणारे रक्ताचे नसले तर चालतील का. शेवटच्याला "नाही" आलं तर तिथं पाठवू नका. माणूस गेल्यावर प्रेत ताब्यात घ्यायलाही हाच प्रश्न येतो. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला ते घेऊ द्यावं असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०२४ मध्ये राज्यांना कळवलंय, पण रात्री दोन वाजता शवागारातल्या माणसाला ते ठाऊक नसतं. त्या पत्राची प्रत आणि "माझ्यानंतर अमुक व्यक्तीनं अंत्यविधी करावा" असं सहीचं पत्र, दोन्ही प्रवेशाच्या दिवशीच वृद्धाश्रमाच्या फाइलला लावा. दफन की दहन तेही त्यात लिहून घ्या, डेऱ्याची पद्धत आणि घरच्यांची पद्धत वेगळी असू शकते. जवळपास कुठंच "हो" मिळालं नाही तर वृद्धाश्रमाचा नाद सोडा. भाड्याची खोली, १,५०० चं अनुदान, स्वतःच्या नावाचं रेशन कार्ड आणि तुमच्या केंद्रातून रोज एकानं मारलेली चक्कर, यावर दोन-तीन वर्षं निघतात. खोलीमालकाशी करार मात्र लेखी करा, ११ महिन्यांचा, आणि भाडं खात्यातूनच द्या. पुढच्या अर्जाला वास्तव्याचा पुरावा तोच होतो.